कान तयार करणाऱ्या ॲपची सेटिंग्ज: सुरुवात कुठून करावी?

मांडवीकाठ:
नमस्कार मंडळी. आम्ही पणजीत राहतो. लेक पाश्चात्त्य पद्धतीने व्हायोलिन शिकते, एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या परीक्षा देते, आता सहाव्या ग्रेडची तयारी चालली आहे. मी स्वतः हार्मोनियमवर अभंग, नाट्यगीतं वाजवते आणि थोडं गाते. म्हणजे एकाच घरात, एकाच फोनवर दोन पद्धतींचे कान तयार व्हायचे आहेत.

त्यासाठी एक इयर ट्रेनिंग ॲप घेतलं. नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न सगळ्याच ॲपांना लागू आहे. सराव उघडला की आधी सेटिंग्जचं भलंमोठं पान येतं. कोणती स्वरांतरं (दोन स्वरांमधली अंतरं) हवीत, चढती, उतरती की दोन्ही स्वर एकदम, पहिला स्वर कायम ठेवायचा की दर वेळी बदलायचा, पल्ला किती सप्तकांचा, गती किती, वाद्य कोणतं, पुढचा प्रश्न आपोआप यावा की बटण दाबल्यावर. ॲपने स्वतःहून जे लावून ठेवलंय त्यात बाराच्या बारा अंतरं चालू आहेत आणि पहिला स्वर दर प्रश्नाला बदलतो. लेक अंदाजाने बटणं दाबते आणि कंटाळून उठते. मला मात्र सा कायम असला की बरंचसं ओळखता येतं, तो हलला की काहीच सुचत नाही.

ज्यांनी मुलांना शिकवलंय किंवा स्वतः असा सराव केलाय त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती. कोणतं सेटिंग आधी, कोणतं नंतर, आणि का?

तारषड्ज:
ताई, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांतच उत्तर आहे. सा कायम असताना ओळखता येतं, कारण तेव्हा तुम्ही दोन स्वरांमधलं अंतर मोजत नसता, त्या स्वराचं सा शी असलेलं नातं ऐकत असता. आपलं सगळं शिक्षण त्या नात्यावर उभं आहे. पाश्चात्त्य पद्धतीतही टोनिक, म्हणजे त्यांचा सा, मनात पक्का बसवूनच बाकीचे स्वर शिकवणारे शिक्षक आहेत. म्हणून माझ्या मते पहिलं सेटिंग एकच: मूळ स्वर कायम. बाकी सगळं त्यानंतर.

मी फोंड्याला मुलांना गाणं शिकवतो, त्यातली काही व्हायोलिन, गिटारही वाजवतात. दोन्ही प्रकारच्या मुलांना मी एकाच क्रमाने नेतो.

ॲपमध्ये दोन जातीचे सराव असतात, ते आधी वेगळे ओळखा. एका जातीत दोन स्वर वाजतात आणि अंतराचं नाव विचारलं जातं. दुसऱ्या जातीत आधी सूर, म्हणजे सा कोणत्या पट्टीवर ते, कायम करून दिला जातो, मग एकच स्वर वाजतो आणि तो त्या सुरात कितवा हे विचारलं जातं. ‘फंक्शनल इअर ट्रेनर’ नावाचं ॲप याच दुसऱ्या पद्धतीचं आहे. आधी कॉर्ड्सची (एकदम वाजणाऱ्या स्वरसमूहांची) छोटी मालिका वाजते, मग स्वर येतो. सुरुवात या दुसऱ्या जातीने करा. पहिली जात नंतर सोपी जाते.

आता स्वर किती? फक्त सा, ग, प. बाकी सगळ्या खुणा काढून टाका. हे तीन चुकेनासे झाले की रे आणि ध घाला, म्हणजे भूप राग झाला. भूपात अर्ध्या स्वराचं अंतर कुठेच नाही, त्यामुळे शेजारचे स्वर एकमेकांत मिसळत नाहीत. मग शुद्ध म आणि नी, म्हणजे बिलावल. कोमल आणि तीव्र स्वर सगळ्यांत शेवटी, तेही एकेक करून. आधी कोमल नी, मग कोमल ग, मग तीव्र म. कोमल रे आणि कोमल ध यांना घाई करू नका. हा क्रम कुठल्या ग्रंथातला नव्हे, मुलं कुठे अडतात ते पाहून बसवलेला आहे.

सूर कोणता निवडायचा हेही महत्त्वाचं. मुलाच्या गळ्याला सोयीचा हवा, कारण बटण दाबण्याआधी स्वर गायला हवा. आपण पेटीवर म्हणतो ती काळी एक म्हणजे ॲपमधला सी शार्प, पांढरी चार म्हणजे एफ, काळी पाच म्हणजे ए शार्प. बायकांचा आणि मुलींचा सूर साधारण काळी चार-पाचच्या आसपास असतो, तेव्हा जी शार्प किंवा ए शार्प लावून बघा. ॲपने पियानोच्या मधल्या सी वर लावून ठेवलेलं तसंच चालवलं, तर मूल गात नाही, नुसतं बटण दाबतं. तिथेच कान थांबतो.

म्हणूनच पुढचा प्रश्न आपोआप येण्याचं सेटिंग बंद ठेवा. स्वर ऐकला, मनात धरला, गायला, मग उत्तर दिलं, मग खरा स्वर पुन्हा ऐकला. एवढं व्हायला वेळ लागतो. तो वेळ ॲपला काढून घेऊ देऊ नका.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. स्वर वाढवले तर गती तीच ठेवा. सूर बदलता केला तर स्वर पुन्हा तीनवर आणा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की मूल कशामुळे चुकतंय ते आपल्याला कळत नाही.

व्हायोलिनची_सावली:
वरच्या प्रतिसादाशी बऱ्याच अंशी सहमत, पण लेकीची परीक्षा समोर आहे म्हणून थोडं वेगळं सांगते. एबीआरएसएमच्या सहाव्या ग्रेडला स्वरांतराचं नाव कोणी विचारत नाही. तिथे दोन आवाजांचा छोटा तुकडा दोनदा वाजवतात आणि त्यातला वरचा आवाज आठवून गायचा किंवा वाजवायचा असतो. सातव्याला खालचा. शिवाय साथीबरोबर स्वरलिपी बघून गाणं, आणि वाक्याच्या शेवटची कॅडेन्स, म्हणजे वाक्य संपवणारी कॉर्ड्सची जोडी, ओळखणं. सहाव्याला कॅडेन्सचे पर्याय दोनच, परफेक्ट किंवा इम्परफेक्ट.

म्हणून कॅडेन्सच्या सरावात ॲपने चार-पाच प्रकार चालू ठेवले असतील तर बाकीचे काढा, दोनच ठेवा. सातव्या ग्रेडला इंटरप्टेड (सा वर येईल असं वाटताना दुसरीकडे वळणारी) येते, तेव्हा ती घाला. ओळखताना शेवटच्या कॉर्डच्या बास स्वराकडे कान लावायला सांगा. तो सा वर येऊन टेकला की प वर थांबला, एवढं कळलं की काम झालं. इथे तारषड्ज यांचा मुद्दाच लागू पडतो: सा मनात नसेल तर कॅडेन्स कळणारच नाही.

स्वरांतरं पूर्ण सोडू नका, बघून गाताना ती लागतात. पण दिवसाच्या सरावातला थोडाच भाग त्यांना द्या.

डिचोलीकर:
मला या सगळ्याची मनापासून काळजी वाटते म्हणून लिहितो. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर ज्या मातीतल्या, तिथल्या मुलांचे स्वर आता फोन ठरवणार? ॲपमधला गंधार हा पियानोचा गंधार. तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार त्याहून खाली असतो. मूल रोज तो चढा गंधार ‘बरोबर’ म्हणून ऐकणार आणि गाताना तोच लावणार. दरबारीचा आंदोलित गंधार, तोडीचा खालचा गंधार, भैरवचा रिषभ, यांचं काय करायचं? बारा बटणांत ते मावत नाहीत.

तारषड्ज:
डिचोलीकर काका, तुमचा मुद्दा खरा आहे आणि तो आकड्यांतही दाखवता येतो. ॲपचा शुद्ध गंधार सा पासून ४०० सेंटवर असतो (सप्तकाचे १२०० भाग केले तर त्यातला एक म्हणजे सेंट). तानपुऱ्यातला, म्हणजे ५:४ या प्रमाणाचा, साधारण ३८६ वर. १४ सेंटचा फरक तयार कानाला सहज कळतो. पंचमात मात्र फरक नाहीच म्हटलं तरी चालेल: ७०० विरुद्ध ७०२. हाच वाद हार्मोनियमवरही झाला, आणि आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियम बंद केली ती १९७१ पर्यंत. तरीही आज बहुतेक मैफलींत ती साथीला असते, आणि चांगला गवई तिच्या बाजूला बसूनही आपला गंधार आपल्या जागीच लावतो, कारण त्याचा कान तानपुऱ्यावर तयार झालेला असतो.

माझ्या दृष्टीने ॲपचं काम ठरावीक आहे. हा गंधार आहे, मध्यम नाही, एवढं चटकन ओळखणं. तो गंधार नेमका कुठे लावायचा हे शिकवणं ॲपचं काम नव्हे, ते गुरूचं आणि तानपुऱ्याचं. ज्याला अजून ग आणि म वेगळे कळत नाहीत, त्याला दरबारीचा गंधार समजावता येणार नाही.

तरी एक उपाय आहे. ॲपमध्ये आधी कॉर्ड्स वाजवण्याऐवजी सलग आधारस्वर ठेवण्याची सोय असेल तर ती चालू करा. नसेल तर शेजारी तानपुरा वाजता ठेवा आणि त्याचा व ॲपचा सूर एकच लावा. दोन्हीकडे ए = ४४० (ए स्वर ४४० हर्ट्झचा) आहे ना हे तपासा. एकाच फोनवर दोन ॲप लावली तर बरेचदा एकाचा आवाज बंद पडतो, म्हणून तानपुरा दुसऱ्या फोनवर किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या पेटीवर लावावा. मालकंसासारखा पंचम नसलेला राग मनात असेल तर तानपुरा सा-म ठेवा, नाहीतर प कानावर येत राहून गोंधळ होतो.

डिचोलीकर:
ओळखणं आणि लावणं वेगळं, हे पटलं. पण आठवड्यातला निम्मा वेळ तरी फोन बाजूला ठेवून नुसता तानपुरा, एवढं सगळ्यांनी पाळावं.

तारषड्ज:
निम्मा नव्हे काका, जास्तच.

सॉल्फेज_वापरकर्ता:
संगणकावर बसणार असाल तर जीएनयू सॉल्फेज बघा. जुना प्रोग्रॅम आहे, पण मोफत आणि मुक्त. इथे चर्चा चाललीय ती त्यात चांगली दिसते, कारण प्रत्येक सरावाला सराव, कॉन्फिग आणि आकडेवारी असे तीन टॅब असतात.

कॉन्फिगमध्ये हवी ती स्वरांतरं निवडता येतात आणि चढती वेगळी, उतरती वेगळी. मुलाला चढता पंचम येतो पण उतरता येत नाही, हे फार वेळा घडतं, त्यामुळे ही सोय मोलाची. स्वर ओळखण्याच्या सरावात प्रत्येक स्वराला वजन देता येतं. ज्या स्वराला वजन जास्त तो जास्त वेळा विचारला जातो. शून्य दिलं की येतच नाही. मी ध आणि कोमल ध यांची वजनं वाढवून ठेवतो आणि सा, प यांची कमी करतो, पण शून्य कधीच करत नाही, कारण मधूनमधून सा ऐकला नाही तर सूर निसटतो.

आणि आकडेवारीचा टॅब रोज उघडा. तो नुसती टक्केवारी देत नाही. तिथे तक्ता असतो: विचारलं काय, उत्तर दिलं काय. एकूण ८० टक्के बरोबर आले हे कळून काही होत नाही. चुकलेल्या बहुतेक वेळा प ला म म्हटलं हे कळलं की उद्याची सेटिंग्ज ठरतात: फक्त म आणि प ठेवा, बाकी काढा.

मांडवीकाठ:
हे म आणि प अगदी आमच्या घरचं लिहिलंय. लेक सा कायम असला की बरोबर सांगते, पण दोन सुटे स्वर वाजले की चौथा आणि पाचवा यांत हमखास गोंधळ.

तारषड्ज:
तो गोंधळ सगळ्यांचाच होतो, आणि त्याला कारण आहे. सा पासून वरचा प हे षड्ज-पंचम नातं. त्याच प पासून वरचा सां हे षड्ज-मध्यम नातं. एक उलटं केलं की दुसरं मिळतं. भरतमुनींनी नऊ आणि तेरा श्रुतींचं (सप्तकातल्या बावीस सूक्ष्म भागांपैकी) अंतर असलेले स्वर संवादी म्हटले ते हेच दोन. दोन्ही इतके जुळून येतात की कानाला सख्खे वाटतात.

सेटिंग असं करा. दोनच अंतरं, फक्त चढती, पहिला स्वर कायम. मग उत्तर देण्याआधी तिला विचारायचं: खालचा स्वर सा वाटतोय की वरचा? पंचमात खालचा स्वर घरचा वाटतो, मध्यमात वरचा. हे एकदा जाणवलं की पहिला स्वर बदलता करा. तेव्हाही पल्ला एकाच सप्तकात ठेवा. त्यानंतर उतरती अंतरं. दोन्ही स्वर एकदम वाजण्याचं सेटिंग सगळ्यांत शेवटी, कारण तिथे कोणता स्वर आधीचा हा आधारच राहत नाही.

साष्टीचा_मांडो:
दोन्ही स्वर एकदम ऐकण्यावरून लिहितो. मी मराठी शाळेतला, पण मडगावात मांडोच्या, म्हणजे गोव्यातल्या कोंकणी गीतप्रकाराच्या, गटात गातो. मांडो दोन आवाजांत गातात, दुसरा आवाज पहिल्याच्या तिसऱ्या किंवा सहाव्या स्वरावरून बरोबर चालतो. त्यामुळे आमच्या गटात येणाऱ्यांना मी ॲपमध्ये एकदम वाजणारी चारच अंतरं लावून देतो: मायनर थर्ड, मेजर थर्ड, मायनर सिक्स्थ, मेजर सिक्स्थ (म्हणजे सा पासून कोमल ग, शुद्ध ग, कोमल ध, शुद्ध ध). बाकी सगळी बंद. गती संथ, आणि प्रश्न पुन्हा ऐकण्यावर मर्यादा नाही.

ताईंच्या लेकीला वरचा आवाज वेगळा काढून गायचा आहे ना? त्याची तयारी यातच होते. उत्तर द्यायच्या आधी तिने वरचा स्वर गावा, मग खालचा. ॲप ते तपासणार नाही, तुम्ही हार्मोनियमवर तपासा. शेजारी कोणी मांडो गाणारं असेल तर तिला त्यांच्यात दुसऱ्या आवाजात उभी करा. परीक्षेच्या सरावात दोन्ही आवाज वाद्यावरच वाजतात. इथे शेजारी माणूस गात असतो आणि आपल्याला आपल्या आवाजावर टिकायचं असतं. कान तिथे फार लवकर तयार होतो.

अजून एक. गोव्यात जुन्या मेस्त्रांकडे (संगीतशिक्षकांकडे) सॉल्फेज, म्हणजे दो-रे-मी नावांनी गाणं, शिकलेल्यांच्या तोंडी ‘दो’ म्हणजे कायम सी, कारण पोर्तुगीज वळणात तसंच आहे. बऱ्याच ॲपांत ‘दो’ म्हणजे त्या त्या सुराचा पहिला स्वर, आपल्या सा सारखा. दोन्ही प्रकारचं सेटिंग असतं. लेकीचे शिक्षक कोणतं वापरतात ते आधी विचारा आणि तेच लावा. तुम्ही स्वतः बदलता दो लावा, तो तुम्हाला सा च वाटेल. हे न विचारता लावलं तर मूल बरोबर ऐकूनही चुकीचं बटण दाबतं.

मांडवीकाठ:
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्या सरांना विचारते. देव बरें करूं.

कदंबातला_प्रवासी:
मी पणजी-मडगाव बसमध्ये रोज सराव करतो. बसच्या इंजिनाची घरघर खालच्या स्वरांना गिळते, म्हणून पल्ला मधल्या सी च्या वर ठेवतो आणि एकदम वाजणारे स्वर घरी ठेवून सुटे स्वर बसमध्ये करतो. वाद्य पियानो ठेवलंय. शुद्ध साइन टोनचं (एकाच कंपनसंख्येच्या यांत्रिक आवाजाचं) सेटिंग काही ॲपांत असतं, ते मला अवघड जातं, त्यात अंगचा रंगच नसतो. पियानोवर पक्कं झालं की वाद्य बदलून बघतो, कारण नुसत्या पियानोवर तयार झालेला कान व्हायोलिनवर अडखळतो.

प्रश्न असा की तालाच्या सरावात माझे ठोके ॲप कायम उशिरा धरतं. घरी वायरच्या हेडफोनवर तसं होत नाही.

सॉल्फेज_वापरकर्ता:
ब्लूटूथमुळे. आवाज कानापर्यंत पोचायला शंभर-दोनशे मिलिसेकंदही लागू शकतात. तुम्ही ऐकलेल्या ठोक्याशी अचूक असता, पण ॲपच्या घड्याळात तो ठोका होऊन गेलेला असतो. स्वर ओळखण्यात याने काही बिघडत नाही. तालाच्या सरावाला वायर लावा, किंवा ॲपमध्ये विलंब भरून काढण्याचं सेटिंग असेल तर ते आधी लावून घ्या. चूक धरण्याची सूट वाढवून हा प्रश्न सोडवू नका, त्याने खरी चूकही बरोबर धरली जाते.

घुमट_साखळी:
तालाचा विषय निघालाच आहे तर: बहुतेक ॲपांत ४/४ लावलेलं असतं आणि मुलं त्यातच अडकतात. मांडो ६/४ मध्ये असतो, आणि आपल्याकडे झपताल १० मात्रांचा २-३-२-३, रूपक ७ मात्रांचा ३-२-२. ॲपमध्ये ५/४ किंवा ७/८ निवडून गट बदलता आले तर बदला. नाही आले तर नुसता मेट्रोनोम लावून हातावर टाळी-खाली करत बोल म्हणा. चवथीला घुमटावर (गोव्याच्या मातीच्या तालवाद्यावर) आरत्या वाजवणाऱ्या मुलांना ताल कानाने येतो, लिहून दाखव म्हटलं की गडबड होते. त्यांच्यासाठी ताल ऐकून लिहिण्याचा सराव चांगला. एकच आवर्तन, तेही फक्त एक मात्रा आणि अर्धी मात्रा यांचं, तिपटी आणि विश्रांती नंतर.

व्हायोलिनची_सावली:
शिक्षकांसाठी एक उपयोगी गोष्ट: म्युझिकथिअरी डॉट नेट या संकेतस्थळावर सराव आपल्याला हवा तसा बेतला की त्याची वेगळी लिंक तयार होते. तीच विद्यार्थ्याला पाठवायची. मुलाने सेटिंग्जचं पान उघडायची गरजच उरत नाही. मी प्रत्येकाला त्याच्या चुकांप्रमाणे वेगळी लिंक पाठवते आणि चूक सुटली की नवी.

मांडवीकाठ:
सगळ्यांचे प्रतिसाद वाचून लेकीसाठी असं लावलंय. सूर कायम, डी मेजर (म्हणजे डी हा सा), कारण तिचे बरेच तुकडे त्यातच आहेत. सरांना विचारलं, ते कायम दो वालेच आहेत, म्हणून नावांचं सेटिंग तसं केलं. स्वर सा ग प, पियानोवर, पुढचा प्रश्न बटण दाबल्यावर. सुटी अंतरं चौथं आणि पाचवं, फक्त चढती. कॅडेन्स दोनच. माझ्यासाठी काळी पाच, शेजारी तानपुरा, बिलावलचे सात स्वर. एकाच फोनवर दोघींचं कसं जमवायचं? आणि तिच्या सरावाचा पल्ला कुठून कुठपर्यंत ठेवू?

तारषड्ज:
छान लावलंय. ॲपमध्ये दोन प्रोफाइल करता येत असतील तर तशा करा, म्हणजे चुकांचे तक्तेही वेगळे राहतील. नसतील तर दोघींच्या सेटिंग्जचे फोटो काढून ठेवा, अपडेट झाल्यावर कधी कधी सगळं मूळपदावर जातं. एक बदल सुचवतो: गाऊन उत्तर देण्याचा सराव डी वर तिच्या गळ्याला जमतोय का बघा. खाली जात नसेल तर तेवढा एक सराव तिच्या सुरात ठेवा, बाकी डी वरच राहू द्या.

व्हायोलिनची_सावली:
पल्ला आता एकच सप्तक, मधल्या डी पासून वरच्या डी पर्यंत. वाढवाल तेव्हा खाली व्हायोलिनच्या जी तारेपर्यंत न्या, त्याच्या खाली नको. तो जी १९६ हर्ट्झचा आहे, फोनच्या स्पीकरवर अंगाने येत नाही, त्यामुळे तेव्हा हेडफोन लावायला सांगा.